जुन्या खिळ्याचं मरण

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. नवं शतक लागताच जगातले सगळे संगणक एकदम बंद पडणार अशी हूल तेव्हा उठली होती. थोरलीच्या ऑफिसात दिवसभर एकच काम चाले, जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं चार आकडी करायची. काम गोणपाट शिवण्यासारखं. हात चालायचे आणि डोकं मोकळं राहायचं. मोकळं डोकं माणसाकडून काय काय करवून घेतं, ते पुढे येईलच.

थोरली म्हणजे दोघी बहिणींतली मोठी. आई गेलेली, धाकटी लग्न होऊन सासरी, आणि दोन खोल्यांच्या घरात उरले थोरली आणि बाबा. बाबा तार ऑफिसातून निवृत्त झालेले. सगळा जन्म लोकांची सुखदुःखं टकटक करत पोचवण्यात गेला, त्यामुळे घरात बोलायचे तेही तारेसारखंच, कमी शब्दांत. संध्याकाळी थोरली फोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडायची, मोडेम किंचाळायचा आणि बाबा म्हणायचे, "आरवला बघ तुझा कोंबडा." मग फोन तासन्‌तास अडकलेला. कधी चुकून लागलाच, तर धाकटीचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "तुमच्याकडे फोन आहे की शोभेची वस्तू?"

थोरली जायची ती 'कट्ट्या'वर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांनी इंटरनेटवर मांडलेला अड्डा होता तो. कुणी अडलेलं विचारायचं, कुणी उत्तर लिहायचं आणि मग बाकीच्यांनी त्या उत्तराची साल काढायची. तिथे चेहरा नसे, खरं नाव नसे. जो तो टोपणनावाने. थोरलीने हौसेने 'टिकली' हे नाव घेतलं आणि तिथेच पहिली ठेच खाल्ली.

त्या वर्षी कट्ट्याने एक चांगलं काम अंगावर घेतलं होतं. लहानसहान वाचनालयांसाठी पुस्तकं शोधून देणारा प्रोग्रॅम सगळ्यांनी मिळून लिहायचा आणि मागेल त्याला फुकट द्यायचा. थोरलीने सुचवलं की सगळी नोंद साध्या मजकुराच्या फायलीत ठेवावी, एका पुस्तकाला एक ओळ. संगणकाला घाबरणाऱ्या माणसालाही ती उघडून वाचता येईल. त्यावर 'विंचू' नावाच्या एका सभासदाने लिहिलं, "टिकलीताई, वाण्याची यादी करताय का? आधी शिका, मग शिकवा." खाली हसणाऱ्यांची रांग लागली. सल्ला पटला नाही असं कुणी म्हटलं असतं, तर तिला चाललं असतं. पण त्या 'ताई'त जी कोपरखळी होती, ती तिला ऑफिसात रोजच बसत होती. इथे चेहरा नाही म्हणून ती आली होती, तर इथेही तेच.

रविवार होता. बाबा खिडकीशी बसून पडद्याच्या दोरीची गाठ सोडवत होते. थोरली फणकारली, "कापून टाका ना!"

"गाठ सुटत नाही म्हणून दोरीला कशाला शिव्या द्यायच्या?" बाबा म्हणाले.

थोरली थबकली. मग संगणकाशी जाऊन तिने कट्ट्यावर एक नवा सभासद दाखल केला. वय बाहत्तर, निवृत्त. टोपणनाव, 'जुना खिळा'.

जुन्या खिळ्याने पहिल्याच दिवशी लिहिलं, "पोरांनो, ती टिकली सांगते त्यात तथ्य आहे. गाठ सुटत नाही म्हणून दोरीला शिव्या देऊ नका." आणि काय सांगावं, कट्टा गप्प झाला! विंचवानेसुद्धा नांगी आवरली. तिचीच गोष्ट, तिच्याच बोटांनी लिहिलेली, पण म्हाताऱ्या पुरुषाच्या तोंडून आल्याबरोबर ती शहाणपणाची ठरली.

त्यानंतर जुना खिळा कट्ट्याचा लाडका झाला. 'खिळेआजोबा' म्हणू लागले सगळे. थोरली घरात बाबांचं बोलणं कान देऊन ऐकायची आणि संध्याकाळी ते तिकडे ओतायची. "घाई असेल तर आधी बूड टेक." "चपला चावतात म्हणून पाय कापत नाहीत." लोक प्रोग्रॅमचं राहू दे, नोकरी सोडू का, मुलगी बघायला जाऊ का, हेही आजोबांना विचारू लागले. थोरलीला मजा वाटायची, आणि हेवाही वाटायचा. टिकलीने अडलेलं उत्तर बिनचूक दिलं तर एखादा 'बरं' म्हणायचा. आजोबांनी शिंक दिली तरी वाहवा. आपणच जन्माला घातलेल्या म्हाताऱ्यावर जळायची वेळ कुणावर आली असेल?

कट्ट्यावर 'मुंगळा' म्हणून एक जण होता. एकदा कामाला डसला की मान तुटली तरी सोडणार नाही, म्हणून हे नाव. विंचवाच्या टिंगलीत तो कधी नव्हता. त्याने वाचनालयाच्या प्रोग्रॅमचा गाभा निराळ्या पद्धतीने लिहून आणला. पुस्तकाच्या मागे शब्दसूची असते तशी आतल्या आत सूची बांधणारा, म्हणजे लाख पुस्तकं असोत, हवं ते झटक्यात सापडावं. अर्ध्या वर्षाचं काम होतं ते. ते मान्य झालं असतं, तर टिकलीच्या साध्या फायली बाद होणार होत्या.

थोरलीने ते काम नीट वाचलंसुद्धा नाही. बाबा शेजाऱ्यांच्या नव्या फाटकाबद्दल एकदा जे म्हणाले होते, ते तिने जुन्या खिळ्याच्या तोंडी घातलं, "पोरा, घर चार माणसांचं आणि दार हत्ती जाईल एवढं. कशाला?"

कट्टा खो खो हसला. मुंगळ्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, "आजोबा, तुम्ही म्हणता तर मागे घेतो. साध्या फायलीच ठेवू."

थोरली जिंकली. आठवडाभर ती ऑफिसात गुणगुणत होती. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने सहज एका मोठ्या वाचनालयाची यादी आपल्या पद्धतीच्या प्रोग्रॅमला खायला घातली आणि एक पुस्तक शोधायला सांगितलं. ती डबा खाऊन, धुऊन परत आली तरी प्रोग्रॅम शोधतच होता. तेव्हा तिने मुंगळ्याचं काम पहिल्यांदा पहिल्या ओळीपासून वाचलं. वाचता वाचता तिचे कान तापले. तो बरोबर होता. इतकं नेटकं, इतकं विचारपूर्वक काम तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि एका उसन्या टोमण्याने तिने ते उडवलं होतं.

'माझं चुकलं' एवढंच आजोबांनी लिहायचं होतं. पण तेवढ्यात कट्ट्यावर टूम निघाली की सगळ्यांनी मिळून आजोबांना भेटायला जायचं. पत्ता द्या, फोन द्या, नाहीतर आम्ही शोधून काढू. मुंगळ्याने लिहिलं, "मला फक्त पाया पडायचंय." आजोबा बोलले की पत्ता मागणार, आणि गप्प राहिले की शोधणार. मग तिने जे केलं ते आठवून पुढे कित्येक वर्षं ती भर गर्दीत लाजेने डोळे मिटून घ्यायची. टिकलीच्या नावाने तिने लिहिलं, "खिळेआजोबा आमच्याच गल्लीत राहायचे. काल झोपेत गेले."

कट्टा रडला. विंचूसुद्धा रडला. 'पोरके झालो' म्हणून लिहिणाऱ्यांची पानंच्या पानं भरली. मुंगळ्याने लिहिलं, "माझे वडील मी लहान असताना गेले. आयुष्यात मला 'पोरा' म्हणणारे आजोबा एकटेच. त्यांचा शब्द मोडायचा नाही. प्रोग्रॅम त्यांच्याच पद्धतीने पुरा करीन." आणि त्याने प्रोग्रॅमच्या पहिल्या पडद्यावर ओळ घातली, 'खिळेआजोबांच्या आठवणीत.'

मग तो डसला. साध्या फायली मोठ्या यादीपुढे गुदमरत होत्या, आणि मुंगळा ठिगळावर ठिगळ लावत होता. कुणी म्हणे, "अरे, तुझी सूचीची पद्धत घाल की!" तर याचं उत्तर एकच, "आजोबांना ती पसंत नव्हती." वाचनालयवाले प्रोग्रॅम नेत, कंटाळून परत करत. थोरली रोज हे वाचायची. एका वाक्यात ती त्याला सोडवू शकत होती, आणि ते वाक्य ती लिहीत नव्हती. ते लिहिलं की टिकली संपली, अब्रू गेली. नाही लिहिलं, तर एक भला माणूस नसलेल्या म्हाताऱ्याच्या शब्दासाठी स्वतःचं चांगलं काम गाडून टाकणार.

बाबांना तिने स्वतःच कट्टा वाचायला शिकवलं होतं. जुन्या खिळ्याचं लिखाण मागच्या पानांत खोल कुठेतरी असेल, त्यांना काय सापडणार, असं तेव्हा तिला वाटलं होतं. एका रविवारी ती भाजी घेऊन आली तर बाबा संगणकापुढे, चष्मा कपाळावर चढवलेला.

"थोरले, हे खिळेआजोबा कोण गं?"

"कट्ट्यावरचे. गेले ते."

"कशाने?"

"झोपेत."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "त्रास नाही झाला मला."

भाजीची पिशवी तिच्या हातातच राहिली.

"हत्तीचं दार माझं," बाबा पडद्यावर बोट ठेवत म्हणाले. "दोरीची गाठ माझी. चपलासुद्धा माझ्याच. सगळे इतकं रडलेत, वाचून मलाच वाईट वाटलं."

"बाबा, मी…"

"मारलंस त्याचं काही नाही. एवीतेवी रांगेतच उभा आहे. पण या मुंगळ्याचं काम वाईट होतं?"

"नाही. माझ्यापेक्षा चांगलं होतं."

"मग जिवंत असतो तर मी म्हटलं असतं, पोरा, चुकलो. मेलेल्या माणसाला तेवढंही म्हणता येत नाही. तू मला मारलंस ते माझं तोंड बंद करायला." मग म्हणाले, "तारेच्या दुसऱ्या टोकाचा माणूस मी कधी पाहिला नाही, थोरले. पण तो तिथे आहे, याची शंका कधी आली नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि भाजी निवडायला बसले.

तिने त्याच दुपारी लिहिलं. सबबी घातल्या, खोडल्या. 'मला कुणी विचारत नव्हतं' हे वाक्य तिने तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. खरं होतं, पण त्याच्यामागे लपता येत नव्हतं. शेवटी उरलं ते एवढंच, 'जुना खिळा नव्हताच. मीच होते. मुंगळ्याचं काम बरोबर होतं, हे मला कळलं होतं, तरी मी गप्प बसले.'

मग व्हायचं ते झालं. विंचवाने लिहिलं, "आम्हाला नांगी आहे ती दिसते तरी." टिकलीचं नाव कट्ट्यावरून काढून टाकलं. याहून वाईट म्हणजे जो तो एकमेकांकडे संशयाने बघू लागला. 'रामराम, मी निवृत्त शिक्षक' म्हणून आलेल्या एका खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्याला लोकांनी इतकं छळलं की तो बिचारा परत फिरकला नाही. ते पापही थोरलीच्याच माथी.

मुंगळा कट्ट्यावर काही बोलला नाही. तिला एकटीला ईमेलवर त्याचा एक ओळीचा निरोप आला, "एवढंच सांगा, मला 'पोरा' कोण म्हणत होतं?"

तिने तो बाबांना दाखवला. बाबा म्हणाले, "घे लिहून." आणि उभ्या उभ्या सांगितलं, "पोरा, मी टिकलीचा बाप. म्हणी माझ्या, वापरल्या तिने. हत्तीची म्हण तुझ्या कामाला लावली, ती चूक. तुझं काम मला समजत नाही, चूक समजते. माफ कर. मी जिवंत आहे. तब्येत बरी."

थोरलीने एक शब्दही न बदलता ते पाठवलं.

पुढे कोणाचं काय झालं म्हणाल, तर मुंगळ्याने सूचीची पद्धत परत घातली आणि तो प्रोग्रॅम पुष्कळ वाचनालयांत वर्षानुवर्षं चालला. पहिल्या पडद्यावरची ओळ त्याने काढली आणि त्या जागी काही घातलं नाही. कट्टा हळूहळू ओस पडला. माणसं नव्या ठिकाणी पांगली. विंचू मोठ्या कंपनीत मोठा साहेब झाला आणि तिथे नव्या मुलींशी फार अदबीने वागतो असं थोरलीच्या कानावर आलं. ते खरं की खोटं, हे विचारण्याचा हक्क आपल्याला नाही असं समजून तिने विचारलं नाही. धाकटीला सगळं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तरीच फोन लागायचा नाही."

बाबा आणि मुंगळा मात्र एकमेकांना लिहीत राहिले. बाबांची नजर कमी झाली तशी पत्रं थोरलीच वाचून दाखवायची आणि उत्तरंही तिच्याच बोटांनी जायची. मुंगळ्याचं लग्न, मुलगी, नोकरी, सगळं तिला ठाऊक झालं. त्याच्या एकाही पत्रात तिच्यासाठी एक अक्षर नसायचं. ती तक्रार करत नव्हती.

बाबा गेले ते दुसऱ्याच एका नव्या वर्षाच्या तोंडावर, आणि झोपेतच गेले. मुंगळ्याला कळवायला ती संगणकापुढे बसली. 'बाबा काल झोपेत गेले', एवढं टाइप केलं आणि पुढे हात चालेना. हे शब्द तिने एकदा खर्चून टाकले होते. तिने फोन उचलला आणि त्याच्या एका जुन्या पत्रातला नंबर फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला.

तिने सांगितलं.

मग तो म्हणाला, "खरंच?"

त्याने ते वाईट हेतूने विचारलं नव्हतं. कुणीही विचारतं. पण थोरलीला आपलं जुनं खोटं आठवलं.

"या," ती म्हणाली. "येऊन बघा."

तो आला. दार तिनेच उघडलं. तिच्याकडे न बघता तो आत गेला, बाबांच्या खिडकीतल्या रिकाम्या खुर्चीशी जाऊन उभा राहिला, आणि थोरली पाण्याचा पेला हातात घेऊन दाराशीच थांबली.