अंगठ्याची हजेरी

बाबा गेल्यापासून गाडी शेडमध्ये तशीच पडून होती. आई उठता-बसता म्हणायची, "ते धूड एकदाचं विकून टाक, येता-जाता डोळ्यांत खुपतं." म्हणून मी गिऱ्हाईक शोधलं, आणि गाडी निदान सुरू तरी व्हावी म्हणून एका सकाळी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर पांढरा-हिरवा खार इतका चढला होता की खाली नट आहे की नाही तेच कळेना.

बाबांनी आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलं. मी औषधांच्या दुकानात नोकरी करते, पण त्यांचं काम मला बघून बघून पाठ झालं होतं. काळी वायर आधी सोडायची, मग लाल. सुटलेल्या काळ्या वायरला फडकं गुंडाळायचं, नाहीतर ती हळूच परत जाऊन चिकटते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवायचा आणि फेस थांबेपर्यंत जुन्या टूथब्रशनं घासायचं. कोरडं पुसून आधी लाल जोडायची, मग काळी. शेवटी दोन्हींवर ग्रीस, आणि लाल टर्मिनलवरच्या ग्रीसवर अंगठा दाबायचा. "झाली हजेरी," असं म्हणायचे. त्या ठशात रेषा नसायच्या. अ‍ॅसिडनं त्यांचा अंगठा पार गुळगुळीत केला होता. बँकेतलं मशीन त्यांना कधी ओळखायचंच नाही. "मशीनच्या लेखी मी जन्मलोच नाही, ठकू," असं ते घरी येऊन आईला सांगायचे. ठकू हे नाव फक्त त्यांच्या तोंडी होतं. दुसऱ्या कुणी तशी हाक मारली असती तर आईनं खपवून घेतलं नसतं.

मी सगळं तसंच केलं, ग्रीस सोडून. चिकट वस्तूंचा मला मनस्वी तिटकारा आहे. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि मी स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिऱ्हाइकाला पाठवायला फोटो काढावा म्हणून बॉनेट उघडलं, तर दोन्ही टर्मिनलांवर ग्रीस. लालवर ठसा होता, बशीसारखा गुळगुळीत.

भीती नंतर वाटली, आधी राग आला. हे आईचंच काम असणार. पण विचारलं असतं तर ती रडली असती आणि ते मला बघवलं नसतं, म्हणून मुकाट्यानं ग्रीस पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते परत तिथं. परत पुसलं, परत आलं. एकदा तर बॅटरीवर फडकंही घडी घालून ठेवलेलं होतं, आणि त्याचं टोक आत खोचलेलं. अशी घडी बाबा घालायचे.

त्यात आईनं पलटी मारली. "गाडी राहू दे," म्हणाली.

"अगं, तूच मागे लागली होतीस ना?"

"होते. आता नाही."

ती खुशीत होती, हे मला जास्त खटकत होतं. जिनं मला जन्मात कधी दुपारी लोळू दिलं नाही, ती आता जेवण झालं की स्वतःच पांघरूण आणून म्हणायची, "पड जरा. दमतेस." दुपारी दुकान बंद असायचं, मीही पडायची. उठले की डोकं जड आणि पाय दुखत असायचे.

बाकीही सगळं बिनसलं होतं. माझ्या गाऊनला बारीक बारीक भोकं पडायला लागली, मी झुरळांच्या नावानं खडे फोडले. फोन माझा अंगठा ओळखेना, तेव्हा फोनच्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धारल्या.

गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी न्यायला येणार होतं त्या दुपारी मात्र मी आडवी झाले नाही. आई दिवाणावर बसून कापडी पिशव्यांच्या घड्या घालत होती. मी समोर जाऊन बसले.

"आई, ते ग्रीस लावणं आता पुरे. तुला त्यांची आठवण येते, मला कळतं. पण गाडी आज जाणार."

"मी लावते?" तिचे हात थांबले नाहीत. "मला ते बॉनेट उघडता तरी येतं का?"

"मग कोण लावतं?"

"तू."

मी हसले. ती हसली नाही.

"झोपलीस की थोड्या वेळानं उठतेस," ती म्हणाली. "डोळे उघडे असतात. त्यांच्या चपला घालतेस, त्यांच्यासारखा उजवा पाय जरा ओढत चालतेस. कपाटातून दहाचा पाना घेतेस आणि शेडमध्ये जातेस. मी दारात स्टूल टाकून बसते. काम तुझ्या हातानं होतं, पण बोलतात ते."

"काय बोलतात?"

"रोजचंच. नळाला पाणी आलं का, गुडघा कसा आहे. मला तेवढंच हवं असतं गं."

"आणि तू मला उठवलं नाहीस?"

"उठवलं असतं तर ते गेले असते."

"माझं काय, आई?"

तिनं पिशवी बाजूला ठेवली. "सकाळ तुझी, संध्याकाळ तुझी, रात्र तुझी. मी फक्त दुपार मागतेय."

आईचा इतका राग मला कधीच आला नव्हता, आणि तिची इतकी भीतीही. गिऱ्हाइकाला लगेच बोलवावं म्हणून फोन उचलला. अंगठा टेकवला. फोननं नकार दिला. खिडकीशी जाऊन मी अंगठा उजेडात धरला. त्यावर एकही रेष नव्हती.

शेवटी आकडे दाबून फोन उघडला आणि त्या माणसाला आत्ताच्या आत्ता ये म्हणून सांगितलं. तो मित्राला घेऊन आला, बॉनेट उघडून बॅटरी पाहिली, "छान ठेवलीय," म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. आई दारातल्या स्टुलावर बसून बघत राहिली. तिनं अडवलं नाही, रडलीही नाही.

गाडी वळणाआड गेली तसं मला एकदम हलकं वाटलं. शेड रिकामी झाली होती. हजेरी लावायला आता जागाच उरली नव्हती. आईला हात देऊन आत न्यावं म्हणून मी वळले, तर उजवा पाय जरा मागे राहिला.

"आत चल, ठकू," मी म्हणाले. "गार वाऱ्यात गुडघा दुखेल."

आईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला. घाईघाईनं पदर सारखा करून ती उठली आणि माझा हात धरून आत यायला निघाली. मी पूर्ण जागी होते, आणि संध्याकाळ झाली होती.