न घेतलेला पेला

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा माणूस होता क्रिसोफोरो. एकुलत्या एका पोराला पुरून आठ दिवस झाले, पण गड्याच्या डोळ्यांतून टिपूस नाही. लोक शोकाला येत, हा त्यांच्या हातात तुंबीची वाटी देई, तीत आपल्या भट्टीचं मेस्काल, म्हणजे घायपाताची दारू, ओती आणि पुन्हा भिंतीला टेकून बसे.

नवव्या दिवशी सकाळी आम्पारो, त्याची बायको, समोर येऊन उभी राहिली. खोलीच्या मधोमध जमिनीवर चुन्याने काढलेला क्रूस होता, त्यांच्या मुलाच्या, नोएच्या, उंचीचा.

"आज सूर्य बुडाला की क्रूस उचलतील," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, तर बसलाय काय ढिम्म? तोवरच आहे पोरगं घरात. नंतर जाईल ते. त्याचा पेला राहिलाय तुमच्याकडून घ्यायचा."

आठ महिन्यांपूर्वी गावच्या जत्रेत क्रिसोफोरोने जे केलं होतं, ते सगळ्या गावाने पाहिलं होतं.

नोए वाहाका शहरात एका बारमध्ये पेये बनवायचा. जत्रेला आला तो एक पेला घेऊनच. बापाच्या मेस्कालमध्ये पेरूचा रस आणि काय काय घालून बनवलेला. भर मांडवात त्याने तो बापापुढे धरला. आता या गावात वैऱ्याने पुढे केलेली वाटीसुद्धा कोणी नाकारत नाही. घ्यायची, दोन थेंब भुईला द्यायचे, निदान ओठ तरी ओले करायचे. पण क्रिसोफोरोने हात पाठीमागे बांधले.

"बारा वर्षं घायपात डोंगरावर ऊन खातं, पाच दिवस खड्ड्यात भाजतं, ते काय तुझ्या पेरूच्या पन्ह्यात बुडून मरायला?" तो म्हणाला. "शहरातल्या मडमांना पाज हे!"

लोक खो खो हसले. नोए तसाच हात पुढे करून उभा राहिला. मग पेला खाली ठेवून गेला, आणि पहाटेच्या गाडीने शहरात परतला. त्यानंतर घरी आला तो पेटीतून. घाटात मोटारसायकल घसरली होती.

क्रिसोफोरो उठला, टोपी घातली आणि शहराच्या गाडीत बसला.

दुपारची वेळ. बारमधल्या खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. फळीमागे एक मुलगी लिंबं कापत होती.

"बंद आहे हो काका," ती म्हणाली. मग नीट बघून सुरी खाली ठेवली. "तुम्ही नोएचे बाबा ना? भुवया अगदी त्याच. मी यादिरा. बरोबर काम करायचो आम्ही."

"तो एक पेला बनवायचा," क्रिसोफोरो म्हणाला. "पेरूचा. तो हवाय मला."

यादिराने मागची एक बाटली काढली, छोट्या पेल्यात थोडं ओतून त्याच्यापुढे सरकवलं. त्याने वास घेतला, भुईला दोन थेंब दिले आणि एक घोट घेतला.

"हे आमचं. तीन वर्षांपूर्वीचं. पूर्वेच्या उतारावरचं घायपात."

"हो. रम असो, टकीला असो, वाटेल त्यात वाटेल ते मिसळायचा तो. पण ही बाटली कुणी मिसळायला घेतली की अंगावर जायचा. म्हणायचा, हे नुसतंच प्यायचं, घोट घोट. माझ्या बापाने केलंय."

"मग तो पेला?"

"तो एकच, काका. तुमच्यासाठी. चार महिने रोज दुपारी इथे बसून जुळवत होता. पहिला बाबांना, मग इतरांना, म्हणायचा. जत्रेहून आला आणि परत कधी बनवलाच नाही. आम्ही विचारलं तर म्हणाला, जमला नव्हता."

क्रिसोफोरोने हातातला पेला फळीवर ठेवला.

"काय काय घालायचा?"

"भाजलेला पेरू, मध, मिठाचे चार दाणे. आणि बडीशेपेच्या वासाचं एक पान चुरगाळून. प्रमाण मात्र नाही ठाऊक. बोरूच्या नळीने एकेक थेंब चाखून ठरवायचा. तुमच्याकडूनच शिकला म्हणे."

घरी येऊन त्याने तव्यावर पेरू भाजले. त्या पानाचं झाड अंगणातच होतं. नोए लहानपणी त्याच झाडाखाली खेळायचा. त्याने रस गाळला, मेस्काल ओतलं, बोरूची नळी बुडवली, चाखलं. मध वाढवला. चाखलं. मीठ टाकलं. घायपात कुठल्या उतारावरचं ते एका थेंबात सांगणारी जीभ त्याची! पण हे जमलं की बिघडलं, ते तिला सांगता येईना. जमलेलं तिने कधी चाखलंच नव्हतं.

ऊन उतरलं. खोली माणसांनी भरली, जप झाला. नोएचा धर्मपिता हिलारियो केरसुणी आणि पाटी घेऊन पुढे आला. क्रिसोफोरो पेला घेऊन क्रुसापाशी गुडघ्यांवर बसला.

"द्या इकडे," आम्पारो हलकेच म्हणाली. "मी देते तुम्हाला, त्याच्या वतीने. घ्या आणि प्या."

"तू देऊन काय उपयोग? त्याने द्यायला हवा." त्याने पेला क्रुसावर पुढे धरला. "मीच देतो. घे रे बाळा. चुकलं माझं."

हिलारियोने रीतीप्रमाणे आधी डोक्याकडचा चुना उचलला. मग एक हात, मग दुसरा हात. क्रिसोफोरोने पेला आणखी पुढे केला, रस बोटांवरून ओघळला.

"त्या दिवशी किती वेळ उभा होता गं तो?" त्याने मान न वळवता विचारलं.

"बँडचं एक अख्खं गाणं होईपर्यंत," आम्पारो म्हणाली. "लोक हसायचे थांबले, तरी उभा होता."

आता फक्त पायांकडचा चुना उरला होता. हिलारियो वाकला.

"थांब रे हिलारियो," क्रिसोफोरो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज फुटला. "थांब जरा. अजून घेतला नाही त्याने."

हिलारियो थांबला. बाहेर अंधारायला लागलं, तेव्हा आम्पारोनेच हिलारियोच्या हातातली केरसुणी घेतली आणि उरलेला चुना पाटीत भरला.