न धुतलेला खल

मी एक जुना खल आहे, मित्रांनो, आणि मला माणसांची किळस येते. सगळ्यांची नाही. भांडं वापरून तसंच टाकणाऱ्यांची.

अकीकाच्या टणक दगडातून मला घडवलं. प्रयोगशाळेत दगड-माती पिठासारखी वाटणं हे माझं काम. ते पीठ यंत्रात घातलं की त्यात कोणती खनिजं आहेत ते कळतं. चिकणमाती त्यात मोठी बोलकी. ती पाण्यावाचून तयार होत नाही, आणि तिची जात पाहून त्या काळची हवा उबदार होती की थंड, याचाही माग लागतो.

इथल्या संशोधक ताईंनी तीन वर्षं अर्ज करून मंगळावरून पृथ्वीवर येऊन पडलेल्या दगडाच्या दोन चिमटी मिळवल्या. तिथे कधी पाणी होतं का, एवढंच त्यांना शोधायचं होतं.

त्या वाटायच्या आदल्या दिवशी ताईंच्या सरांनी माझ्यात तळ्याचा वाळवलेला गाळ वाटला. कसला कुजका वास! मग मला धुतलं? छे! फू करून फुंकर मारली आणि नाक शिंकरलेल्या रुमालाने पुसलं. शी!

"खल तयार आहे गं," ते म्हणाले. ताईंनी विश्वासाने पहिली चिमूट माझ्यात वाटली.

यंत्राचा कागद पाहून सर नाचायचेच बाकी राहिले. "चिकणमाती! तीही उबदार हवेतली!" संध्याकाळपर्यंत त्यांनी बातमी छापायलाही दिली. ताईंनी मात्र मला हुंगलं, पांढरं फडकं आतून फिरवलं. फडकं काळं झालं.

"सर, खल धुतला होता ना?"

"फुंकला होता की! वाळलेली माती, तिला कसलं धुणं?"

ताईंनी माझ्यात स्वच्छ वाळू घोटली, तीनदा स्पिरिटने पुसलं आणि उरलेली चिमूट वाटली. या वेळी कागदावर चिकणमातीचं नावही नव्हतं. ताई स्टुलावर बसून रडल्या.

"रडतेस काय? खलच खराब होता असं लिही," सर म्हणाले. वा रे वा! चोर सोडून संन्याशाला फाशी. तसंही माझं नावच खल, म्हणजे दुष्ट. माझी बाजू कोण घेणार?

ताईंनी घेतली. अहवालात लिहिलं, 'पहिली चाचणी रद्द. खल धुतला नव्हता.'

"माझी लाज काढतेस?" सर ओरडले.

"बातमी मागे घ्या, सर." ताईंनी अहवालाचा कागद घट्ट धरून ठेवला.

मित्रांनो, या गृहस्थाला भांडं धुवायची लाज, खोटं छापायची नाही! तुम्ही असे होऊ नका. वापरलेलं भांडं आपल्या हाताने धुवा. आणि राहूनच गेलं, तर 'मी धुतलं नाही' असं सरळ सांगा.