गरज पडली तरच

शशिकांत झोपेतच गेले, त्याच्या आदल्या सकाळची गोष्ट. सुरुची बदलापूरहून अंबरनाथला वडिलांकडे पोचली, तेव्हा ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उखडले होते. सगळा जन्म कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काढलेला माणूस.

“गोळीवरसुद्धा टीडीएस? मग कापून हातात किती येते?”

“बाबा, टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. ओडी म्हणजे एकदा, बीडी म्हणजे दोनदा.”

“डॉक्टरच बिडी लिहून देतो, आणि तुझी आई उगाच जन्मभर भांडली. बरं, हे एसओएस काय?”

“गरज पडली तरच घ्यायची.”

हे त्यांना फारच आवडलं. तेवढ्यात शेजारचे देवदत्तकाका पेपर मागायला आले. ते दिवसातून तीनदा येत आणि तिन्ही वेळा चहा घेऊन जात.

“या, टीडीएस,” शशिकांत म्हणाले. मग सुरुचीकडे बोट दाखवून, “आणि ही आमची एसओएस. कुणी आजारी पडल्याशिवाय येत नाही.”

सुरुची हसली. उत्तर जिभेवर आलं होतं, पण आत चहा उतू गेला आणि ती धावली.

तेराव्याचे विधी आटोपल्यावर काका दिवसातून तिसऱ्यांदा आले. पेपर समोर होता, तरी उचलला नाही. शशिकांतांच्या खुर्चीकडे बघत म्हणाले, “आता मला टीडीएस कोण म्हणणार गं?”

सुरुचीला हसू फुटलं, ते आवरेना. डोळे पुसत तीही खुर्चीकडे वळली आणि काकांच्या देखत म्हणाली, “बाबा, मला तुम्ही रोज लागायचात.”