पाटलांचा सत्कार

सातवीनंतर क्लेमेंटचं आणि शाळेचं वाकडं आलं, पण यंत्र दिसलं की गडी देहभान विसरायचा. वालीवच्या एका कारखान्यात तो लेथ चालवी आणि सुट्टीच्या दिवशी भंगारातल्या मोटारी जोडून रोबो बनवी. त्यातल्या एकाने धड काम केलं असेल तर शपथ! केळीच्या वाडीतली पाखरं हाकलायला उभ्या केलेल्या रोबोवर पाखरांनीच घरटं बांधलं. नारळ सोलणाऱ्याने नारळ सोडून क्लेमेंटचा सदरा सोलला.

सगळ्यांत गाजला तो हार घालणारा. मे महिन्यात आळीतल्या क्रूसाचा सण असे. प्रार्थना झाली की मांडवात कार्यक्रम आणि पाहुण्यांचा सत्कार. हा रोबो हार उचलायचा, पाहुण्यांच्या गळ्यापर्यंत न्यायचा आणि ऐनवेळी हात वळवून स्वतःच्याच गळ्यात घालून घ्यायचा. लोकांनी त्याचं नाव ‘पाटील’ ठेवलं. सहा वर्षं मांडव पोट धरून हसत होता, आणि सहा वर्षं क्लेमेंट घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडत होता.

“हसले तर हसू देत,” त्याची बायको हिल्डा म्हणायची. “कुणाचं वाईट तर नाही ना केलंत?”

“हा हात एकदा नीट चाललेला त्यांना दाखवायचाय गं. एकदाच. मग मरेपर्यंत हसू देत.”

दोन हजार तीनच्या सणाआधी तो वर्षभर त्या हाताच्याच मागे लागला. पाहुणी म्हणून हिल्डा रोज संध्याकाळी स्टुलावर बसायची आणि सुतळीच्या हाराची वाट बघायची. एप्रिलात एकदाचा तो तिच्या गळ्यात पडला. इतक्या हौसेने तिच्या गळ्यात लग्नातही कुणी काही घातलं नव्हतं. दोघंही रडली.

सणाला पाहुण्या होत्या आगाशीच्या निवृत्त शिक्षिका मनोरमाबाई. पाटलांनी हार उचलला, पुढे नेला आणि अलगद बाईंच्या गळ्यात घातला. मांडवात चिडीचूप. दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या.

“बिघडलाय वाटतं!” मागून कुणीतरी ओरडलं.

कार्यक्रमाचं निवेदन करणारा आळीतला क्लिफर्ड क्लेमेंटच्या कानाशी लागला. “अंकल, नेहमीचं करा ना. लोक त्याच्यासाठीच थांबलेत.” मनोरमाबाईंनीही समजूतदारपणे हार काढून परत दिला.

 उचला तो डबा आणि चला घरी, असं हिल्डाला ओरडावंसं वाटत होतं. पण क्लेमेंटने खिशातून पाना काढला, वर्षभर जिवापाड जपलेला नट दोन आटे सैल केला आणि बटण दाबलं.

पाटलांनी हार स्वतःच्या गळ्यात घातला. मांडव फुटला. मनोरमाबाई डोळे पुसत हसत होत्या, आणि क्लेमेंट वाकून सगळ्यांना नमस्कार करत होता.

घरी आल्यावर तो उंबऱ्यावरच बसला. हिल्डाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा त्याने वर पाहिलं.

“मी स्टेजवरून बघत होतो,” तो म्हणाला. “तूसुद्धा हसलीस.”

सवयीने, रुमाल तोंडाशी धरूनही, तिला हसू फुटलं होतं.