मी मेल्याचं सोंग घेतलं नाही

मित्रांनो, मी एक म्हातारी सोंडकीड आहे. ऐकूनच नाक मुरडू नका. नाक मलाही आहे, तुमच्यापेक्षा लांब, आणि त्याच्या टोकाला तोंड आहे. रंगाने मी मातकट, पाठीवर चार टेंगळं, आणि आकाराने शर्टाच्या बटणाच्या निम्मी.

अशा आत्मकथांत छत्री, फाउंटन पेन, म्हातारा बैल अशी मंडळी येतात आणि आपण माणसांची किती सेवा केली ते सांगतात. मी कोणाची सेवा केली नाही. मी खाल्लं, जगले आणि अंडी घातली. त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही.

माझा जन्म एका कोवळ्या आलुबुखारात झाला. झाड एका घराच्या मागच्या अंगणात आहे आणि त्या घरात शिवणकाम चालतं. आईने सोंडेने फळाला भोक पाडलं, आत अंडं ठेवलं आणि त्याच्या कडेने चंद्रकोरीसारखा काप घेतला. फळ वाढायला लागलं की आतला गर दाटतो आणि अंडं चिरडून टाकतो. काप घेतला की तेवढी जागा सैल राहते. हे आईला कोणी शिकवलं नव्हतं आणि तिने मला शिकवलं नाही. तरी मलाही ते येतं.

अंड्यातून मी बाहेर आले ती पांढरी, बिनपायाची अळी. कोयीपर्यंत गर खाल्ला. मग फळ गळून पडलं आणि खरा कठीण काळ सुरू झाला. फळातून बाहेर पडायचं आणि झटकन मातीत शिरायचं, एवढंच काम असतं. पण पायच नाहीत, तर झटकन जाणार कसं? माझ्या बरोबरीच्या कितीतरी अळ्या मुंग्यांनी ओढून नेल्या. काहींना शेजारच्या कोंबडीने टिपलं. मातीत पोचलेल्यांपैकी काहींच्या अंगावर पांढरी बुरशी चढली. आणि एक बारीक कंबरेची माशी असते, तिचं तर नाव काढू नका. ती आमच्या अंगात आपलं अंडं घालते आणि तिचं पोर आम्हाला आतून खातं. आम्हाला कीड म्हणता ना? मग तिला काय म्हणाल?

मी वाचले. मातीत गोल खोली करून कोशात राहिले आणि पंख, पाय, सोंड घेऊन वर आले. थंडीभर भिंतीच्या कडेला वाळलेल्या पाल्यात दडून बसले. बहर आला तशी पुन्हा झाडावर चढले.

आमच्या कुळात एकच शहाणपण चालत आलंय. फांदीला धक्का बसला की पाय पोटाशी घ्यायचे, खाली पडायचं आणि मेल्यासारखं पडून राहायचं. पाखराला हललेलं दिसतं, पडलेली काडी दिसत नाही. या एका सोंगावर आमच्या किती पिढ्या तरल्या.

पण त्या बहरात घरच्या सासूबाई दारात खुर्ची टाकून सुनेला म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं झाली, या झाडाचं एक फळ धड हाती लागलं नाही. पाला तेवढा गटारात. यंदा काही आलं नाही, तर झाड काढू आणि शेड घालू."

"मी लावलंय ते आई," सून म्हणाली. "मीच बघते काय करायचं."

शिवणकाम तीच करते. कापडावरचा बारीकसा डागही तिच्या नजरेतून सुटत नाही. सकाळच्या गारठ्यात, आमचे पाय आखडलेले असताना, तिने झाडाखाली अस्तराचं पांढरं कापड अंथरलं. तिच्या दिराने काठीला चिंध्या गुंडाळल्या आणि फांदीवर दणका दिला. आमची मंडळी पाय आखडून पटापट पडली.

"वहिनी, मेलेलेच पडतायत की."

"मेलेले कसले? नाटकं करतायत. गोळा करा आणि टाका साबणाच्या पाण्यात."

पांढऱ्या कापडावर आमच्यातलं कोणी हललं नाही. शहाण्यासारखी पडून राहिली आणि शहाण्यासारखी बुडाली. मी सालीच्या फटीतून ते पाहिलं. फार राग आला. माणसांचा आलाच, पण आमच्या शहाणपणाचा जास्त आला.

दुसऱ्या सकाळी दणका माझ्याच फांदीवर बसला. पाय आपोआप पोटाकडे जायला लागले. पोटात अंडी होती. मी पाय आवळले नाहीत, डहाळी आवळली. पुन्हा दणका बसला. सोंडही सालीत रुतवली.

सून स्टुलावर चढून बघत होती. "भाऊजी, ही बघा. पडतच नाहीये. चांगलीच कोडगी दिसतेय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझं झालेलं हे एकमेव कौतुक.

तिने मला चिमटीत धरलं. मी सगळी नखं तिच्या बोटात रोवली. तिने हात झटकला, मी सुटले आणि पंख उघडून उडाले.

खालच्या फांद्यांवर आता सोय नव्हती. मी थेट शेंड्याला गेले आणि तिथल्या फळांत अंडी घातली, कडेने चंद्रकोरी घेतल्या. बारीक कंबरेच्या माशीने मेलीने जवळजवळ सगळी हेरली. एकच फळ राहिलं.

तेही सुनेने चंद्रकोरीवरून खालून ओळखलं. दीर म्हणाला, "काठीने पाडू का?"

"नको, त्याच्याबरोबर चांगली पण पडतील. गळलं की उचलू."

म्हणजे माझ्या पोराला दया नव्हती, नुसती मुदत होती. गळलेलं प्रत्येक फळ ती लगेच उचलायची आणि बादलीत बुडवायची. इकडे झाड फळांनी लगडलं होतं. शेडचं नाव आता कोणी काढत नव्हतं. झाड काढायला निघालेल्या सासूबाईच काठी घेऊन पहाऱ्याला बसायच्या.

मी म्हातारी झाले. पंख उघडेनात. बुंध्यावर बसून मी वर बघत राहायचे. एका दुपारी ते फळ पडलं. आत अळी अजून कुरतडत होती. तेवढ्यात कोंबडी आली. माझा जीव टांगणीला लागला. मी एवढीशी, करणार काय?

"हुश्श! आमच्या फळांना तोंड लावतेस?" सासूबाईंनी कोंबडीला पार कुंपणाबाहेर हाकललं. मग दाराकडे बघून हाक मारली, "अगं, एक पडलंय. उचल लवकर."

"एवढी शिलाई संपवून आले, आई."

आत मशीन खडखडत राहिलं. फळाच्या सालीला भोक पडलं. माझं पोर बाहेर आलं, पांढरं, बिनपायाचं. मुंग्या फळाच्या पलीकडच्या बाजूने चढत होत्या. ते वळवळलं, मातीच्या भेगेत डोकं घातलं आणि आत गेलं.

मशीन थांबलं. सून आली, फळ उचलून तिने उजेडात फिरवलं आणि भोकातून आत पाहिलं.

"रिकामं आहे."

"म्हणजे गं?"

"म्हणजे निसटली. गेली जमिनीत."

"मग खण की."

सून अंगणभर नजर फिरवून म्हणाली, "कुठे कुठे खणू?"

मित्रांनो, शेवटी काहीतरी विनवणी करायची रीत असते. मला दया नको आणि माफीही नको. फळं त्या बाईने राखली, तिने ती खुशाल खावीत. एवढंच सांगते, त्या झाडाची नीट काळजी घ्या. उन्हाळ्यात पाणी घाला, मुळाशी सिमेंट ओतू नका, कुऱ्हाड लांब ठेवा. पुढच्या बहराला आम्हाला ते लागणार आहे.