अकरा जुलै

तारखा दोन जातीच्या असतात, शहाण्या आणि अडेलतट्टू. शहाणी तारीख रकान्यात उजवीकडे नीट बसते आणि हिशेबाला हजर होते. अडेलतट्टू डावीकडे चिकटून राहते. दिसायला तारीख, पण संगणकाच्या लेखी नुसती अक्षरं. जहाज कंपनीच्या ऑफिसातली ती कारकूनबाई सकाळपासून या डावीकडच्या मंडळींची मनधरणी करत होती. कोण खलाशी कधी सुटून घरी येणार, याचे तक्ते प्रत्येक जहाजाने आपापल्या मर्जीने पाठवले होते. कुणी टिंबं दिली होती, कुणी रेघा, आणि एका कप्तानाने तर 'सप्टेंबरअखेर' असं लिहून हात झटकले होते. संध्याकाळी याच तक्त्यावरून तिकिटं निघणार होती. साहेबांना तो लगेच हवा होता. त्यांना सगळंच लगेच हवं असायचं, म्हणून पाठीमागे त्यांचं नावच लगेचसाहेब पडलं होतं.

उजवीकडच्या तारखांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. त्या बिचाऱ्या आपोआप सुधारल्या होत्या. फक्त एक पाहिली, कारण ती नवऱ्याची होती. तो जहाजावर फिटर. फेब्रुवारीत गेला होता तो नऊ महिन्यांच्या करारावर, म्हणजे नोव्हेंबर उजाडणार हे तिला पाठ होतं. आणि रकान्यात होतं, अकरा जुलै.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी तिची गत झाली. एरवी दुसऱ्याच्या तक्त्यातली चूक दारातून ओळखणारी बाई, पण इथे तिने स्वतःची समजूत काढली. कंपनीने करार कमी केला असेल. मागे एकदा केला नव्हता का? जेवणाच्या सुटीत तिने जिन्यात उभं राहून फोन लावला. जहाज बंदरात होतं, म्हणून लागलाही.

"अहो, जुलैत येताय तुम्ही. तक्त्यात आलंय."

तो म्हणाला, "अस्सं? मग काय काय ठरवलंस?"

एवढं विचारायचा अवकाश, तिची टकळी सुरू झाली. पलंगाच्या मधोमध झोपायची सवय मोडावी लागेल. सकाळी न्हाणीघरात दुसऱ्या कुणाचा तरी खोकला ऐकायचाय. दोन माणसांचा चहा टाकायचाय, आणि तो कमी गोड झाला म्हणून कुणीतरी कुरकुर करायला हवीय. रोज फोनवर बोलणं म्हणजे दुधाची तहान ताकावर, आता कंटाळा आलाय, असंही ती बोलून गेली. तो मधूनमधून "आणि?" एवढंच म्हणत राहिला.

तीनच्या सुमाराला त्याच जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बायकोचा फोन आला.

"ताई, आमचे आठ जुलैलाच सुटतायत ना? सासूबाईंचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठेवलंय."

तिने रकाना पाहिला. सात ऑगस्ट. जहाजाचा मूळ तक्ता उघडला, तिथे आठ जुलैच होतं. संगणकाने महिना आधी आणि दिवस नंतर धरला होता. ज्यांचा दिवस बारापर्यंतचा, त्या तारखा गुपचूप उलट्या होऊन शहाण्यासारख्या उजवीकडे जाऊन बसल्या होत्या. तेरापासून पुढच्यांना उलटता येईना, म्हणून त्या अडून बसल्या. म्हणजे सकाळपासून तिने ज्यांना शिव्या घातल्या त्याच खरं बोलत होत्या. आणि सात नोव्हेंबरचा झाला होता अकरा जुलै.

"आठ जुलैच," ती म्हणाली. "निश्चिंत राहा."

तिने स्वयंपाक्याची ओळ दुरुस्त केली. मग एकेक करून बाकीच्याही. नवऱ्याची ओळ तेवढी राहिली. ती तशीच ठेवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिकीट निघालं असतं, तो दारात उभा राहिला असता. पण जुलैत त्याच्या जागी जायला दुसरा फिटर हवा, आणि तो दुसरा नुकताच घरी पोचला होता. गेल्या आठवड्यात सहीला आला तेव्हा त्याची बायको त्याची बाही धरून खुर्चीत बसली होती, ऑफिसातसुद्धा सोडत नव्हती. तेव्हा तिला हसू आलं होतं. आता तिला त्या बाईचा इतका हेवा वाटला की डोळे भरून आले.

"झालं का? लगेच पाठवा," साहेब दारातून म्हणाले.

तिने ७ टाइप केलं, मग ११, आणि तक्ता पाठवून दिला.

ऑफिस सुटल्यावर ती जिन्यात येऊन उभी राहिली. फोन लावला, पण सांगायचं कसं ते सुचेना.

"अहो, ती तारीख चुकली होती. नोव्हेंबरच आहे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "आमच्या जहाजाचा तक्ता मीच टाइप केलाय."

"मग दुपारी बोलला नाहीत ते?"

"तू इतकी खुशीत होतीस. म्हटलं, आजचा दिवस तरी आपण जुलैत येऊ."